शिट्टीच्या आधी

"बाई, ह्या घड्याळात सेकंदाच्या आतलं पण दिसतं?"

मी मान वर केली. टेबलापलीकडे निळ्या ट्रॅकसूटमधली एक मुलगी उभी होती. दोन्ही वेण्या वर दुमडून घट्ट बांधलेल्या, हातात पाण्याची बादली, बादलीत तरंगणारा स्टीलचा पेला.

"दिसतं," मी म्हटलं. "सेकंदाचा शंभरावा भाग."

"मग तुम्हाला बटण दाबायला जो वेळ लागंल, तेवढी चूक येणारच की."

तीन वर्षं मी अकरावीला लंबकाचा प्रयोग शिकवत होते. तीन वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

"येते," मी म्हटलं. "दोन दशांश सेकंद, साधारण. पण दर वेळी तेवढीच येते. दोन्ही मोजमापांत सारखीच चूक असली, की फरक काढताना ती उडून जाते."

"दर वेळी तेवढीच," ती स्वतःशीच म्हणाली. मग बादली खाली ठेवून टेबलाशी टेकली. "मी कुंदा वायदंडे. लोकमाताची."

लोकमाता म्हणजे आमच्याच गावातली लोकमाता कन्या प्रशाला. जिल्ह्याच्या मुलींच्या खो-खोचं अजिंक्यपद सलग आठ वर्षं त्यांच्याकडे होतं, एवढं मला खेळातलं काही कळत नसतानाही माहीत होतं.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. डिसेंबर महिना होता. एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या जिल्हा स्पर्धा आमच्या कॉलेजच्या मैदानावर भरल्या होत्या आणि नेमलेल्या वेळाधिकाऱ्याला कावीळ झाली होती. आमचे क्रीडाशिक्षक जगदाळे सर सकाळी प्रयोगशाळेत आले ते सरळ स्टॉपवॉचच्या कपाटापाशी.

"टिळेकर मॅडम, खो-खो कळतो का तुम्हाला?"

"नाही."

"उत्तम! कळणाऱ्या माणसाचं लक्ष खेळाकडं जातं. तुम्ही नुसतं शिट्टीकडं लक्ष द्यायचं. शिट्टी वाजली की चालू, शिट्टी वाजली की बंद. मैदानाकडं बघायचंसुद्धा कारण नाही. दोन दिवसांचं काम आहे, चहा-नाश्ता आमचा."

मी हो म्हटलं. मोजमापाचं काम मला कधीच जड गेलेलं नाही.

"तू खेळत नाहीस का?" मी कुंदाला विचारलं. बादलीमुळे मला तसं वाटलं होतं.

"खेळते की. यंदा." ती हसली. "दोन वर्षं मी तेरावी होते. संघ बारा जणींचा असतो, बाई. तेरावीनं पाणी द्यायचं, गुडघे फुटले तर हळद लावायची. संघ दोन्ही वर्षी विभागाला गेला. मी पण गेले, एष्टीतनं, बादली घेऊन. पण प्रमाणपत्र बाराच."

"प्रमाणपत्राचं काय होतं?"

"डी.एड.ला खेळाडूंच्या जागा असतात. विभागाला खेळल्याचं प्रमाणपत्र लागतं. माझे मार्क त्याच्याशिवाय पुरायचे नाहीत. यंदा नऊ जणींत आहे मी. नववी, पण आहे. आणि बारावी आहे, म्हणजे वयाच्या हिशेबानं हे शेवटचंच वर्ष." तिने बादली उचलली. "पाणी द्यायची सवय जात नाही, एवढंच."

त्या दिवशी लोकमाताने दोन सामने जिंकले. दोन्ही इतक्या सहज, की माझ्या घड्याळाला फारसं काम पडलं नाही. दुसऱ्या बाजूने बेलखिंड नावाचं एक गाव वर सरकत होतं, त्याची मला तोवर कल्पनाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंतिम सामना होता. मी टेबलाशी आले तेव्हा मैदानाभोवती एवढी माणसं होती, की मला खुर्चीपर्यंत वाट काढत जावं लागलं. गुणलेखकाने माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरून ठेवली होती. माइकवर आमचे मराठीचे माळी सर होते. माळी सरांच्या हातात माइक आला, की तो संध्याकाळपर्यंत परत मिळत नसे.

"रसिकहो! आज या मैदानावर डोंगर उतरून आलाय! दुधाच्या टेम्पोतनं आलेल्या या बेलखिंडीच्या लेकी! ना बूट, ना ट्रॅकसूट! अनवाणी पायांनी या बलाढ्य संघासमोर उभ्या ठाकल्यात!"

टाळ्या पडल्या. मी दोन्ही संघांच्या पायांकडे पाहिलं. लोकमाताच्या मुलीही अनवाणीच होत्या. मातीच्या मैदानावर खो-खो अनवाणीच खेळतात, हे दोन दिवसांत मलासुद्धा समजलं होतं. ट्रॅकसूट त्यांनी काढून घड्या घालून बाकावर ठेवले होते. पण अठरा जोडी उघड्या पायांपैकी नऊच जोड्या त्या दिवशी लोकांना दिसत होत्या.

मी गुणलेखकाला तसं म्हटलं. हा माध्यमिक शाळेतला एक गप्प तरुण शिक्षक. तो म्हणाला, "मॅडम, जाऊ द्या हो. बघा तरी काय खेळतायत पोरी."

बेलखिंडीच्या मुली खरोखर चांगल्या खेळत होत्या, ते मी नाकारत नाही. शाळेचाच पांढरा सलवार-कुडता, ओढणी कमरेला गुंडाळलेली. त्यांची कर्णधार फुला ढेबे ही बारकी, काटकुळी मुलगी. खांबाजवळ जाऊन ती अशी काही वळायची, की पाठलाग करणारीचा हात हवेत राहायचा. ती एकदा वाचली की मैदान उसळायचं. लोकमाताची एखादी तेवढ्याच कौशल्याने वाचली, की सगळे गप्प. नुसते गप्प नाही, वैतागलेले.

"ए ट्रॅकसूटवाल्या! घरी जावा आता!"

"आठ वर्षं खाल्लं, पोट भरलं नाही का?"

"फुला, घे तिला! घे! हाणून पाड!"

हे ओरडणारे लोक बेलखिंडीचे नव्हते. बेलखिंडीहून टेम्पोत मावतील तेवढीच माणसं आली होती. ओरडत होता आमचाच गाव. आमचे प्राध्यापक, बँकेतले लोक, दवाखान्यातल्या नर्सा. कालपर्यंत त्यांना बेलखिंड नकाशावर दाखवता आली नसती. कालपर्यंत मलाही आली नसती. लोकमाताच्या मुली रोज पहाटे साडेपाचला मैदानावर असतात, हे ह्याच लोकांना चांगलं माहीत होतं. फिरायला जाताना ते त्यांच्या बाजूनेच जायचे. आता तीच पहाट त्यांच्या विरोधात जमा होत होती. इतक्या तयारीने खेळणं हाच जणू त्यांचा दोष.

मी घड्याळावर मन लावलं. शिट्टी, चालू. शिट्टी, बंद.

ठरलेल्या डावांत दोन्ही संघांचे बारा-बारा गुण झाले. जादा डाव झाला. अठरा-अठरा. जगदाळे सर ह्या सामन्याचे सरपंच होते. खो-खोत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. ते कपाळ पुसत टेबलाशी आले.

"मॅडम, आता सगळं तुमच्यावर."

"म्हणजे?"

"लघुत्तम आक्रमण. आधी एक संघ पाठलाग करणार, समोरचा पहिला गडी बाद होईपर्यंत. किती वेळ लागला, ते टिपायचं. मग दुसरा संघ. ज्याला कमी वेळ लागला, तो जिंकला. तुमचा आकडा शेवटचा. शिट्टीला चालू, शिट्टीला बंद. आलं ना ध्यानात?"

"आलं."

नाणेफेक झाली. आधी लोकमाताचं आक्रमण. आठ जणी रांगेत बसल्या, एक पाठलागाला. बसलेल्यांत कुंदा शेवटच्या चौकात, आमच्या टेबलाकडे तोंड करून होती. मी मान खाली घातली आणि अंगठा बटणावर ठेवला.

शिट्टी. आकडे धावू लागले. कानांवर "खो! खो!" येत होतं आणि त्यावर माळी सरांचा आवाज. "वाचली! फुला वाचली! या रानफुलाला कोण खुडणार!" चाळीस सेकंद. एक्केचाळीस.

शिट्टी वाजली. मी बटण दाबलं.

४१.६२.

मैदानातून एक लांब हुंदक्यासारखा आवाज आला. मी आकडा कागदावर लिहिला. वर पाहिलं तर फुला धूळ झटकत उठत होती आणि कोणीतरी तिला ओरडून सांगत होतं, "काय नाही झालं गं! आता तुमची पाळी!"

मग लोकमाताचं संरक्षण. तीन जणी मैदानात उतरल्या. बाकीच्या सहा जणी नियमाप्रमाणे टेबलाशेजारी येऊन बसल्या. कुंदा तिसऱ्या तुकडीत असल्यामुळे सगळ्यांत कडेला, माझ्या खुर्चीच्या अगदी जवळ. इतकी, की तिच्या श्वासाचा आवाज येत होता. तिने एकदा मैदानाकडे पाहिलं आणि मग नजर माझ्या हातावर आणून ठेवली.

"बघवत नाही, बाई," ती म्हणाली. "मी घड्याळच बघते."

शिट्टी. मी बटण दाबलं.

पहिले वीस सेकंद बेलखिंडीच्या हाती काही लागलं नाही. लोकमाताच्या तिघी शांतपणे, नेमकं अंतर राखून पळत होत्या. तिसाव्या सेकंदाला माळी सरांचा आवाज चिरकला. पस्तिसाव्याला फुलाला खो मिळाला आणि ती उठली. तिच्यासमोर लोकमाताची उंच मुलगी होती. ती खांबाकडे निघाली. फुला दोन पावलं मागे. अडतीस. चाळीस. माणसं दोरी ओलांडून आत आली होती. उंच मुलगी खांबापाशी वळली आणि फुलाने सूर मारला. सगळं अंग हवेत, डावा हात पुढे ताणलेला. बोटं त्या मुलीच्या टाचेवर टेकली.

मी बटण दाबलं. शिट्टी वाजली.

४१.४४.

त्यानंतर जो आवाज झाला तसा मी आमच्या गावात पुन्हा कधी ऐकला नाही. माळी सर माइकमध्ये रडत होते. मला टेबल हलल्यासारखं वाटलं. मी आकडा पाहत होते, आणि मला दिसलं की मी उभी आहे. खुर्ची मागे पडली होती. मी कधी उठले ते मला आठवत नव्हतं.

"बाई." कुंदा खालीच बसली होती. "शिट्टी नंतर वाजली."

"काय?"

"तुम्ही दाबलं, मग शिट्टी वाजली. आमच्या वेळेला आधी शिट्टी वाजली होती. मी रांगेतनं तुमच्याकडंच बघत होते."

जगदाळे सर गर्दी बाजूला सारत आले. "आकडा, मॅडम! आकडा!"

बोलायला तीन-चार सेकंद होते. तेवढ्यात माणूस बरंच काही बोलू शकतो, हे मी मोजून सांगू शकते. मी म्हटलं, "एक्केचाळीस पूर्णांक चव्वेचाळीस." आणि घड्याळ त्यांच्याकडे केलं.

त्यांनी ते उंच धरलं. कोणालाही इतक्या लांबून आकडे दिसणं शक्य नव्हतं, पण लोकांना ते दिसले.

"बाई," कुंदा पुन्हा म्हणाली. आता ती उभी राहिली होती.

"अगं, हाताची चूक दोन दशांश सेकंद असतेच," मी म्हटलं. माझा आवाज वर्गात असतो तसा होता. "मी तुला काल सांगितलं ना."

"दर वेळी तेवढीच, असं म्हणाला होता तुम्ही."

मी कागद गोळा करू लागले. ती मग आपल्या शिक्षिका भोसेकरबाई जिथे मुलींचे ट्रॅकसूट गोळा करत होत्या तिकडे गेली. मी तिला त्यांच्याशी बोलताना पाहिलं. भोसेकरबाईंनी एकदा, एकदाच, टेबलाकडे पाहिलं. हरकत घ्यायला अर्धा तास असतो. माझ्या घड्याळात तो अर्धा तास मी पुरता जाऊ दिला. कोणीही आलं नाही.

सोमवारी मी जगदाळे सरांना प्रयोगशाळेत बोलावलं.

"शिट्टी घेऊन या," असं सांगितलं होतं, म्हणून ते उत्साहात आले. आमचे प्रयोगशाळा सहायक लाडमामा टेबलापलीकडे बसले होते. मी सरांना सांगितलं, "लाडमामा मनात येईल तेव्हा टेबलावरच्या कळीवर हात टेकतील, त्याच क्षणी विजेचं घड्याळ चालू होईल. हात टेकलेला दिसला की तुम्ही शिट्टी वाजवायची. मैदानावर वाजवता तशी."

"आणि तुम्ही?"

"मी मोजेन."

आम्ही चाळीस वेळा केलं. वीस वेळा मी शिट्टी ऐकून बटण दाबलं, वीस वेळा हात टेकताना पाहून. पंधराव्या शिट्टीला प्राचार्यांनी शिपाई पाठवून काय चाललंय म्हणून विचारलं. सर म्हणाले, "विज्ञान चाललंय म्हणून सांग."

मी सरासरी काढली. शिट्टी ऐकून थांबवलेलं घड्याळ, पाहून थांबवलेल्या घड्याळापेक्षा सरासरी एकतीस शतांश सेकंद उशिरा थांबत होतं. कमी-जास्त धरलं तरी कुठेही चोवीसच्या खाली नाही. मी वही सरांपुढे सरकवली.

"लोकमाताचा वेळ मी शिट्टीवर थांबवला. बेलखिंडीचा बघून थांबवला. दोन्ही वेळांतला फरक अठरा शतांशांचा आहे. शिट्टीवर थांबवलं असतं, तर बेलखिंडीचा वेळ एक्केचाळीस पूर्णांक पंचाहत्तरच्या आसपास आला असता. लोकमाता जिंकली असती."

सरांनी वही माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाले, "लाडमामा, जरा चहाचं बघता का?" लाडमामा गेले.

"मॅडम, हे तुम्ही कुणाला बोललात?"

"तुम्हालाच."

"मग आता बोलू नका."

"सर, निकाल चुकीचा आहे."

"निकाल सरपंचाच्या सहीनं लागतो, आणि सही माझी आहे. हरकतीची वेळ गेली. आणि समजा, गेली नसती. काय करणार होता? बेलखिंडीत जाऊन कप परत मागणार? काल गावात मिरवणूक काढली पोरींची. बैलगाडीतनं! त्या फुलाच्या बापानं मैदानावर माझे पाय धरले हो."

"त्याचा मोजमापाशी काय संबंध?"

"तुमचा नसंल. माणसांचा असतो." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि मला एक सांगा. शिट्टीला बंद, मैदानाकडं बघायचं नाही, हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. मग बघितलंत कशाला?"

दोन दिवस मी त्या गर्दीवर मनातल्या मनात चिडत होते. अठरा जोडी पायांतल्या नऊच जोड्या त्यांना कशा दिसतात, म्हणून. गर्दीत मी नव्हते, मी टेबलाशी होते. वही माझ्यासमोर उघडी होती आणि तिच्यात चाळीस आकडे होते. टेबलाशी कोण होतं, ते त्या आकड्यांनी सांगितलं.

"तुम्ही प्रामाणिक आहात, कळलं," सर म्हणाले. "आता ती पानं फाडून टाका."

मी पानं फाडली नाहीत. वही अजून माझ्याकडे आहे.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. बेलखिंड विभागाला पहिल्याच फेरीत एका डावाने हरली. ती बातमी कुठे आली नाही. लोकमाताने पुढची दोन वर्षं पुन्हा जिल्हा जिंकला, त्याचीही नाही. पण तो सामना गावाने सोडला नाही. दर गॅदरिंगला, दर शिक्षकदिनाला माळी सर तो सांगत. सांगता सांगता बेलखिंडीचा टेम्पो जाऊन त्या मुली डोंगरातून चालत आल्या आणि लोकमाताच्या पायांत बूट आले. एकदा मी मध्येच म्हटलं, "सर, बूट कोणाच्याच पायात नव्हते." माळी सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही फिजिक्सवाले." सगळे हसले. माझ्या निरोपसमारंभात त्यांनी माझी ओळख काय करून दिली असेल? अठ्ठावीस वर्षं शिकवलं, ते नाही. "त्या ऐतिहासिक सामन्याच्या वेळाधिकारी!" टाळ्या पडल्या. मला नारळ आणि शाल मिळाली.

सामन्यानंतरच्या त्या बुधवारी मात्र मी वही घेऊन लोकमाता कन्या प्रशालेत गेले होते.

भोसेकरबाई पन्नाशीच्या, उंच, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. खेळाच्या साहित्याच्या खोलीत त्या दोऱ्या गुंडाळत होत्या. मी वही उघडून सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "कुंदा खोटं बोलत नाही."

"मग हरकत का नाही घेतलीत?"

त्यांनी दोरीचं वेटोळं खुंटीला अडकवलं. "आम्ही? आठ वर्षं जिंकणाऱ्यांनी हरकत घ्यायची? त्या मैदानावर? टिळेकरबाई, बेलखिंडीनं हरकत घेतली असती, तर ह्याच गावानं त्यांना डोक्यावर घेतलं असतं. आम्ही घेतली असती, तर माझ्या पोरींना शाळेपर्यंत पोलीस लागले असते. जिंकणाऱ्याला रडायला जागा नसते. हे मी त्यांना पहिल्या दिवशी शिकवते."

"पण मी लिहून देते. जिल्हा संघटनेला पत्र देते. माझी चूक म्हणून."

"द्या. तुमच्या मनाचं समाधान होईल. ते पत्र फाइलीत जाईल." त्या पुढच्या दोरीला लागल्या. "पत्र देण्यापेक्षा तिला भेटा. नळापाशी आहे."

कुंदा मैदानाच्या कोपऱ्यातल्या नळावर बादली भरत होती. मधली सुट्टी होती. मला पाहून तिने नळ बंद केला.

"पाणी कुणाला?" मी विचारलं.

"आठवीच्या पोरींना. त्यांची तयारी चाललीय."

मी वही उघडली. तिला आकडे दाखवले. शिट्टीचा रकाना, पाहण्याचा रकाना, सरासरी, फरक. ती एकेक ओळ बोट फिरवत वाचत गेली. माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने इतक्या काळजीने प्रयोगवही वाचली नसेल.

"म्हणजे आम्ही तेरा शतांशांनी जिंकलो होतो," ती म्हणाली.

"साधारण."

"साधारण म्हणजे?"

"थोडं कमी-जास्त. पण जिंकला होतात."

तिने वही मिटून माझ्या हातात दिली. ती चिडली असती, रडली असती, तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी पत्राचं सांगितलं. डी.एड.च्या प्रवेशासाठी कोणाला भेटता येईल, ते सांगितलं. ते सगळं खरं होतं आणि त्यातल्या कशाचाही उपयोग होणार नव्हता, आणि झालाही नाही. तिने मान डोलावत ऐकून घेतलं.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला पण त्याच जिंकायला हव्या होत्या का?"

मी आजवर विज्ञान शिकवलं. आकडे समोर असताना 'नाही' म्हणायची मला सवय नाही.

"हो," मी म्हटलं. "मला ते माहीत नव्हतं. पण हो."

तिने बादली उचलली. थोडं पाणी तिच्या पायावर सांडलं.

"मला कळतं ते," ती म्हणाली. "दोन वर्षं बाकावर होते ना. आमच्या पोरी जिंकत असायच्या आणि मी पेला भरता भरता मनात समोरच्या संघाला म्हणायची, घ्या गं, एक तरी घ्या. जिथं जाईल तिथं हरणाऱ्यांच्याच बाजूनं. कुणाला सांगितलं नाही कधी."

घंटा झाली. ती चालू लागली, मग दोन पावलांवर थांबून वळली.

"परवा पहिल्यांदा मी आमच्या बाजूनं होते, बाई."